ज्याच्यावाचून अडत नाही

आमच्या इस्पितळात प्रशिक्षणाला कोणाला पाठवायचं याचा एकच नियम होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. ज्याच्यावाचून अडत नाही त्याला पाठवायचं. वरच्या कार्यालयातून फर्मान निघायचं, अमुक दिवशी शिबिर आहे, प्रत्येक विभागातून एक माणूस हवा. मग मेट्रनबाई आमच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहायच्या आणि सगळ्यांवरून एकदा नजर फिरवायच्या. कोणाचे हात साबणात, कोणाचे वाफेत, कोण कापडाच्या घड्या घालतंय. नजर फिरत फिरत एका ठिकाणी थांबायची आणि ते ठिकाण दर वेळी तेच असायचं.

त्याला आम्ही पाहुणा म्हणायचो. नोकरीला लागला तेव्हा त्याला धड गाठ मारता यायची नाही, म्हणून पहिल्याच शिबिराला तो गेला. परत आला तोवर त्याचं काम आम्ही वाटून घेतलं होतं, म्हणून दुसऱ्या शिबिरालाही तोच गेला. पुढे तो शिबिरांनाच जायचा आणि अधूनमधून आमच्याकडे यायचा. येताना एक पिशवी, एक पेन आणि एक नवीन शब्द घेऊन यायचा. वेळेचं नियोजन, ताणाचं नियोजन, आग लागल्यावर काय करावं, माणसं भडकल्यावर काय करावं, सगळं त्याचं शिकून झालं होतं. माणूस वाईट नव्हता. हसरा होता, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी त्याला म्हणायचे, "आलास का रे? मुक्काम किती दिवस?" आणि सगळ्यांबरोबर तोही हसायचा.

आमचा विभाग निर्जंतुकीकरणाचा. तळमजल्यावर, जिन्याच्या मागे. ऑपरेशन थिएटरमधली वापरलेली अवजारं बादल्यांतून खाली येतात. ती धुवायची, पुसायची, टेबलावर मांडायची आणि ज्या त्या ऑपरेशनचा ट्रे भरायचा. पोटाचा वेगळा, हाडांचा वेगळा, डोळ्यांचा वेगळा. मग दुहेरी हिरव्या कापडात बांधून, वर पट्टी चिकटवून वाफेच्या मोठ्या यंत्रात ढकलायचा. वाफ नीट लागली की पट्टीवरच्या रेघा काळ्या होतात. काळ्या झाल्या की ट्रे भिंतीतल्या खिडकीतून वर जायला मोकळा.

ट्रेमध्ये काय काय हवं ते छापील कागदावर असतं, पण डॉक्टर काही छापील नसतात. हाडांच्या डॉक्टरांना त्यांची हातोडी सगळ्यात वर लागते, आणि तीही जुनी, लाकडी मुठीचीच. पोटाच्या बाई डावखुऱ्या, त्यांची कात्री वेगळी. हे सगळं माझ्या डोक्यात होतं. मी रजेवर गेले की वरून फोन सुरू. "ताई, ते वाकड्या टोकाचं कुठे ठेवता?" बहिणीच्या लग्नातसुद्धा मी अर्धा वेळ फोनवर होते. चिडायचे, पण आतून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मेट्रनबाईंचा माझ्यावर फार जीव. कोणी बाहेरचं पाहायला आलं की माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायच्या, "ही आहे म्हणून आम्ही आहोत. हिला बाहेर पाठवलं तर थिएटरला कुलूप लावावं लागेल." एकदा आमच्याच कामाचं, निर्जंतुकीकरणाचंच शिबिर निघालं. मी धीर करून म्हटलं, "मॅडम, या वेळी मी जाऊ का?" तर त्या मनापासून हसल्या. "तू? अगं, तू काय शिकणार तिथे? तूच त्यांना शिकवून येशील." आणि पाहुण्याला पाठवलं. तो परत येऊन उत्साहाने सांगायला लागला, "ताई, तिथे एक फार छान गोष्ट सांगितली," आणि मी म्हटलं, "आधी ती बादली उचल."

आमचे विभागप्रमुख निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची रिकामी झाली.

ती खुर्ची मला हवी होती. मानासाठी हवी होती का? थोडी होती. पण खरं कारण माझे पाय. आयुष्यभर उभं राहून पायांच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या होत्या. ज्यांचे ट्रे मी भरते त्याच डॉक्टरांपैकी एकाने पाहून सांगितलं होतं, उभं राहणं कमी करा, नाहीतर पुढे जखमा होतील आणि त्या भरणार नाहीत. विभागप्रमुखाला टेबल असतं, बसायला मिळतं, रात्रपाळी नसते. आणि या पदाला वयाची अट आहे, त्या वयापुढे अर्जच करता येत नाही. मला ती गाठायला थोडेच महिने उरले होते. म्हणजे ही खुर्ची हुकली तर निवृत्तीपर्यंत उभीच.

मुलाखतीला टेबलापलीकडे तिघं होते. त्यातल्या एक मेट्रनबाई, त्यामुळे मी निर्धास्त होते. मधल्या साहेबांनी माझा अर्ज उलटासुलटा करून पाहिला.

"प्रशिक्षणं कुठली झाली आहेत?"

"नाही झाली."

"एकही नाही?"

"पाठवलं नाही, सर."

त्यांनी मेट्रनबाईंकडे पाहिलं. बाई लगेच पुढे सरसावल्या. "सर, हिचं काम तुम्ही बघायला हवं. हिच्याशिवाय आमच्याकडे पान हलत नाही." डोळे भरून आले होते त्यांचे, इतक्या त्या मनापासून बोलत होत्या.

साहेबांनी मान डोलावली. त्यांनी जे विचारलं त्यात कुजकेपणा नव्हता, खरंच प्रश्न पडला होता त्यांना. "मग बाई, यांना तिथून उचलून खुर्चीवर बसवलं तर तुमचे ट्रे कोण भरणार?"

मी मेट्रनबाईंकडे पाहिलं. बोला ना, मनात म्हणत होते, काहीतरी बोला. त्यांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलून परत ठेवला.

निकाल फलकावर लागला. पाहुणा विभागप्रमुख झाला. प्रशिक्षणांना गुण होते आणि त्याच्याकडे प्रशिक्षणांची थप्पी होती. मी वाचलं, खाली आले आणि यंत्राचं दार उघडून ट्रे बाहेर काढायला लागले. मला काही वाटलं नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. वाटायला हवं होतं, मी वाट पाहत होते, की आता येईल रडू, आता येईल राग. काही आलं नाही. दाढ काढायच्या आधी सुई टोचतात आणि गाल कोणा दुसऱ्याचा असल्यासारखा होतो, तशी मी सगळीकडून झाले होते. मेट्रनबाई खाली आल्या, माझे हात धरून रडल्या, "माझ्या हातात असतं तर..." म्हणाल्या. मी त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. त्या शांत झाल्यावर उरलेले ट्रे काढले.

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा ते ताटावर होते. त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, छोटंसं, आणि हाताखाली त्यांचा भाचा. भाचा म्हणजे काही लहान नाही, दोन मुलांचा बाप आहे, मिशा पिकायला लागल्यात. पण मशीनची सुई आणि खालचा आकडा यांचं टायमिंग जुळवायचं काम ह्यांनी त्याला अजून करू दिलेलं नाही. ते आलं की त्याला चहा आणायला पाठवतात.

"वशिला असणार त्याचा," ते म्हणाले.

"वशिला नाही. तो शिकला, मी नाही शिकले."

"तुला काय शिकायची गरज? सगळं तुझ्या तर हातात आहे."

एवढ्यावरून माझं डोकं का फिरलं कुणास ठाऊक. दिवसभरात पहिल्यांदाच माझा आवाज चढला. "अहो, त्या भाच्याला टायमिंग शिकवा. उद्याच शिकवा. किती वर्षं चहा आणायला लावणार आहात त्याला?"

ते बघतच राहिले. "शिकला की समोर दुकान टाकेल तो."

"टाकू दे."

"आणि मग माझं काय?"

मी उठून भांडी घासायला घेतली. त्यांनी भाच्याला पुढे शिकवलं की नाही ते मी विचारलं नाही. तेवढीही उत्सुकता माझ्यात उरली नव्हती.

पाहुणा पहिले काही दिवस खुर्चीच्या टोकावर बसायचा, कोणी येऊन उठवेल अशा बेताने. मी त्याला "अहो साहेब" म्हणायला लागले. तो कासावीस व्हायचा. "ताई, तुम्ही तरी मला अहोजाहो करू नका." मी म्हणायचे, "बरं साहेब." एवढी एकच मजा मला त्या दिवसांत उरली होती.

मग एक दिवस तो मोबाईल घेऊन टेबलापाशी आला. "ताई, तुमच्या डोक्यात जे आहे ना, ते भिंतीवर हवं. तुम्ही ट्रे मांडा, मी फोटो काढतो."

नाही म्हणता आलं असतं. अवजारं आडवीतिडवी मांडता आली असती, हातोडी विसरता आली असती, कोणाला काय कळणार होतं? पण हाताला सवयच नाही चुकीचं मांडायची. मी एकेक ट्रे मांडला, तो फोटो काढत गेला. हाडांच्या डॉक्टरांची हातोडी वर, पोटाच्या बाईंची कात्री डावीकडे. कोण कशावर भडकतं, काय आयत्या वेळी मागतं, मी सांगत गेले आणि तो लिहीत गेला. दोन शब्द लिहून थांबायचा आणि परत विचारायचा, "म्हणजे असं ना?" इतकी वर्षं मला कोणी असं विचारलं नव्हतं. फोटो मोठे करून, प्लॅस्टिकमध्ये घालून त्याने टेबलासमोरच्या भिंतीवर ओळीने लावले. दिसायला छान दिसत होते.

त्याच सुमाराला दोन नवीन मुली कामाला आल्या. एक लांब वेणीची, एक चष्मेवाली. भिंतीकडे बघायच्या, ट्रेकडे बघायच्या, परत भिंतीकडे बघायच्या. पहिले काही दिवस चुकल्या. मी मागे उभी राहून चूक दाखवायचे आणि त्या "हो ताई" म्हणायच्या. मग चुका कमी झाल्या. मग मी नुसतीच मागे उभी राहायला लागले. पाहुणा म्हणाला, "ताई, बसा ना आता," आणि कुठूनतरी एक खुर्ची पैदा करून आणली. पायांना आराम पडला. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं, सूज उतरली.

मध्ये मला ताप आला. घरी पडल्या पडल्या मी फोन उशाशी घेऊन ठेवला होता. वाजला नाही. बिघडलाय म्हणून नवऱ्याला सांगून त्यांच्या फोनवरून लावून पाहिला, तर चांगला खणखणला. बरी होऊन कामावर गेले तेव्हा मनात म्हटलं, आता सगळा गोंधळ निस्तरावा लागणार. खोली जागच्या जागी होती. चष्मेवालीने हाडांचा ट्रे बांधायला घेतला होता, हातोडी वर होती, जुनी लाकडी मुठीचीच. "बरं वाटतंय का ताई?" तिने विचारलं. त्या दिवशी मात्र मला वाटलं. वाईट वाटलं. आणि वाईट वाटल्याची लाज वाटली, कारण रोग्याच्या दृष्टीने हे चांगलंच होतं, त्यात खोड काढायला जागा नव्हती. मी कापडाच्या घड्या घालत बसले.

पुढच्या शिबिराचं फर्मान आलं. पाहुणा खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आता हे काम त्याचं होतं. त्याने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. वेणीवाली यंत्रापाशी होती, चष्मेवालीचे हात साबणात होते. नजर फिरत फिरत माझ्यावर आली आणि थांबली.

"ताई, या वेळी तुम्ही जा."

सगळ्यांचे हात थांबले. निदान मला तसं वाटलं. तो जवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "मी मुद्दाम ठरवलंय. आता दर वेळी तुम्हालाच पाठवणार. गुण जमले की पुढच्या जागेला तुम्हीच. तुमच्यावर अन्याय झालाय, मला कळत नाही का?"

वयाची अट त्याच्या लक्षात नव्हती. मी ती ओलांडून बसले होते. सांगणार होते, पण त्याचा चेहरा असा काही खुलला होता, की तोंडातून "बरं" एवढंच निघालं. माझ्या भल्याचा असा विचार करणारा या इस्पितळात तो पहिलाच. हे कळत होतं, आणि कळून काही होत नव्हतं.

शिबिर एका मोठ्या थंडगार सभागृहात होतं. सरकारी कार्यालयं आणि छोटे उद्योग यांच्यातला मनुष्यबळ विकास, असा विषय फळ्यावर लिहिला होता. दारात एक पिशवी आणि एक पेन मिळालं. आत गेले तर लग्नघरासारखा गलका. सगळे एकमेकांना ओळखत होते. "काय हो, तुम्ही पण?" "मागच्या वेळी दिसला नाहीत!" वाचनालयाचा एक जण होता, बस डेपोचे दोघं, छापखान्याच्या मालकाचा मेहुणा, बेकरीवाल्यांचा थोरला भाऊ. सगळे हसरे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला सगळ्यांची खुर्ची, टेबल, विभाग दिसायला लागले, आणि त्यांच्यावाचून तिथे छान चाललेलं कामही दिसायला लागलं.

चहाच्या सुट्टीत मी बाहेर येऊन इस्पितळात आमच्या खोलीत फोन लावला. वेणीवालीने उचलला.

"पोटाच्या बाईंची कात्री..." मी म्हटलं.

"गेली वर ताई. सगळं झालंय. तुम्ही निवांत बसा हो तिथे."

मागून यंत्राचा वाफ सोडल्याचा आवाज आला. तो संपेपर्यंत ऐकला आणि फोन ठेवला.

सुट्टीनंतर शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना एकेक कागद वाटला. तरतरीत होत्या, हातात माईक. "तुमच्या कामाच्या ठिकाणी तुमच्यावाचून होणार नाही, अशी एक तरी गोष्ट यावर लिहा. प्रत्येकाकडे असतेच. कोरा कागद मी घेणार नाही हं, शेवटी गोळा करणार आहे."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. सगळीकडे पेनं सरसर चालायला लागली. मला आधी हसूच आलं. हाच प्रश्न मला वर्षापूर्वी विचारला असता तर कागद पुरला नसता. मी पेनाचं टोपण काढलं. हातोडी, ती भिंतीवर होती. कात्री वर गेली होती. वाकडं टोक कुठे ठेवायचं ते चष्मेवालीला माहीत होतं. बराच वेळ शोधलं. माझ्याजवळ होतं ते सगळं मीच तर मांडून दिलं होतं, नीट, न चुकता. आणि तेव्हा, त्या थंडगार सभागृहात, फलकासमोर आलं नव्हतं ते रडू आलं. आवाज नाही, काही नाही, नुसतं गालावरून खाली. मी पदराने पुसलं.

शेजारी पाणीपुरवठ्याचा माणूस बसला होता. गोलमटोल, पुढ्यात बिस्किटांचा पुडा. त्याचा कागद भरत आला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या कागदाकडे पाहिलं.

"पहिलीच वेळ का, ताई?"

"हो."

"पहिल्या वेळी असंच होतं. मी पण कोराच घेऊन बसलो होतो." त्याने पुडा माझ्याकडे सरकवला. "घ्या. नंतर होते सवय."

"मग आता एवढं काय लिहिलंत?"

"दर वेळी तेच लिहितो." त्याने कागद माझ्याकडे फिरवला, वर्गातला मित्र फिरवतो तसा. "घ्या उतरवून. कोण वाचतंय?"

बाई पुढच्या रांगेतून कागद गोळा करत येत होत्या. मी एक बिस्किट घेतलं आणि भराभर उतरवून काढायला लागले. मी नसले तर पंप सुरू होत नाहीत, माझ्यावाचून गावाला पाणी सुटत नाही, असं मी माझ्या स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली.